पिकअपचे टायर बावीस हजार किलोमीटरांतच संपतात? नवे घेण्याआधी उतरवलेले टायर नीट बघा

आमची रोपवाटिका पुणे-सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या बाजूला आहे. सकाळी पिकअप रोपं, कुंड्या, लाल माती आणि शेणखताच्या गोण्या भरून खराडी, वाघोली, बाणेर, हिंजवडीकडं निघते आणि दुपारी रिकामी परत येते. गाडी भावजी चालवतात, ते नसले की मी. शंभरातले पंचाण्णव किलोमीटर डांबर नाही तर सिमेंट. उरलेले पाच म्हणजे नव्या सोसायटीची कच्ची साइट किंवा पानशेत-मुळशीकडच्या एखाद्या फार्महाऊसची पायवाटेसारखी वाट.

गाडीबरोबर आलेले टायर ४२ हजार किलोमीटर चालले. त्यानंतरचा सेट २४ हजारांत गोटा झाला, त्याच्या पुढचा २२ हजारांत. दोन्ही वेळा टायर नव्या तारखेचे, चांगल्या कंपनीचे, पक्क्या बिलावर घेतलेले. दोन्ही वेळा घरात एकच निष्कर्ष निघाला, की टायरच खराब निघाला. मार्केट यार्डात मला आठवड्याला एखादा तरी पिकअपवाला हीच तक्रार करताना भेटतो आणि त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग कुठल्या कंपनीचा घ्यावा?" मीही दोनदा हेच विचारलं होतं. खरं तर हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. त्याच्या आधी चार-पाच गोष्टी बघायच्या असतात. त्या न बघितल्यामुळं आमचे आठ टायर निम्म्या आयुष्यात गेले.

तिसऱ्यांदा नाना पेठेत टायर बघायला गेले, तेव्हा दुकानातल्या वयस्कर काकांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "ताई, उतरवलेले टायर कुठंयत?"

म्हटलं, अजून गाडीलाच आहेत. आणि आधीचा सेट रोपवाटिकेत पडलाय, त्यात आम्ही पाणी साठवतो.

"मग तो पण घेऊन या. कुठला टायर घ्यायचा ते तेच सांगतील."

दुसऱ्या दिवशी भावजींनी आठही टायर नेले. काकांनी ते फुटपाथच्या कडेला ओळीनं आडवे मांडले, प्रत्येकावर खडूनं पुढचा-मागचा, डावा-उजवा लिहून घेतलं आणि एकेकावरून तळहात फिरवला. आधी एका दिशेनं, मग उलट. पुढच्या टायरशी आल्यावर माझाही हात धरून फिरवायला लावला. बाहेरून आत हात नेला तर रबर गुळगुळीत, आतून बाहेर आणला तर करवतीचे दात लागावेत तशी धार. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नव्हतं.

झीज कुठं झालीय ते आधी बघा

टायर कुठून घासला यावरून कारण बऱ्यापैकी कळतं. दोन्ही काठ गेले आणि मधली नक्षी शिल्लक असेल, तर हवा कमी होती किंवा त्या टायरला झेपत नाही एवढं वजन होतं. मध्य गेला आणि काठ शाबूत, तर हवा जास्त. एकच काठ गेला, तर चाक तिरकं उभं आहे, म्हणजे कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) किंवा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडलाय. हाताला करवत लागली तर जवळजवळ नक्कीच टो. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअॅब्सॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग केलेलं नाही. एकाच जागी चपटा डाग म्हणजे कधीतरी ब्रेक लॉक होऊन चाक घसटत गेलंय.

आमच्या आठ टायरांत यातल्या तीन गोष्टी सापडल्या. २४ हजार चाललेल्या सेटमधल्या मागच्या टायरांचे दोन्ही काठ गेले होते. २२ हजारवाल्या सेटमध्ये मागच्यांचा मध्य गेला होता. आणि दोन्ही सेटमधल्या पुढच्या टायरांना करवत. वर्षभराच्या अंतरानं घेतलेले दोन सेट, पण पुढची झीज हुबेहूब सारखी. काका म्हणाले, टायर बदलला तरी रोग तसाच राहिला, म्हणजे रोग टायरात नाही.

साइज तीच, टायर वेगळा

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. आमच्या गाडीला २१५/७५ आर १५ साइज बसते. दुकानात जाऊन तेवढंच सांगितलं, त्यांनी त्या साइजचा जाड नक्षीचा, दिसायला दणकट टायर दाखवला, आम्ही घेतला. पण याच साइजचे टायर एसयूव्हीलाही बसतात आणि मालवाहू पिकअपलाही. रिमवर दोन्ही तितकेच चपखल बसतात. फरक असतो तो पोटात, आणि तो बाजूवर लिहिलेला असतो.

साइजच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती वजन पेलतो त्याचा कोड. १०० म्हणजे ८०० किलो, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. अक्षर वेगाचं असतं, उदाहरणार्थ क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटरपर्यंत. आपल्या गाडीला वेगाची अडचण येत नाही, येते ती वजनाची. मालवाहू टायरवर १०६/१०३ असे दोन आकडे दिसतात. त्यातला पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोड चाकांसाठी. आपल्याला पहिला बघायचा. शिवाय अशा टायरवर एलटी, म्हणजे लाइट ट्रक, आणि ६ पीआर, ८ पीआर (प्लाय रेटिंग) असं लिहिलेलं असतं. पीआरचा आकडा जितका मोठा तितका सांगाडा भक्कम, आणि तितकी जास्त हवा तो धरतो.

आमच्या दोन्ही सेटवर १०० लिहिलं होतं. टायर ८०० किलोचा.

मग आम्ही रोजच्यासारखी गाडी भरली, मातीच्या पंचवीस गोण्या आणि वर रोपं, आणि ती वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी चढवून वजन घेतलं, मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागची चाकं ठेवली. काट्यावर तोल बिघडू नये म्हणून गाडी सपाट उभी राहील एवढंच बघायचं. मागच्या अॅक्सलवर १७६० किलो आले. एका टायरवर ८८०. गाडीचं एकूण वजन आरसी बुकातल्या मर्यादेच्या आत होतं, म्हणजे आम्ही ओव्हरलोड करत नव्हतो. पण टायरच्या हिशेबात रोज सकाळी प्रत्येक टायरवर ८० किलो जास्त होते. असा टायर खाली दबतो, बाजूची भिंत सतत वाकते, आतून तापतो आणि काठावर झिजतो. उन्हाळ्यात तो फुटू शकतो, आणि भरलेल्या पिकअपचा मागचा टायर हायवेवर फुटणं म्हणजे काय हे ज्यानं अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून नवे टायर बघायच्या आधी एकदा काट्यावर जा. पावसाळ्यात ओल्या मातीनं भरलेली गाडी न्या, तीच गोणी तेव्हा कितीतरी जड होते. मागच्या अॅक्सलच्या वजनाचे दोन भाग करा आणि त्याच्यापेक्षा निदान दोन-तीन पायऱ्या वरचा आकडा घ्या. गाडीच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या खाली तर कधीच उतरू नका. आम्ही आता १०६ घेतलाय.

नक्षी: आपल्याला खरंच काय लागतं

जाड गट्ट्यांची नक्षी का घेतली होती? भावजी म्हणाले होते, "वहिनी, साइटवर चिखलात गाडी अडकते." खरं होतं, पावसाळ्यात दोन-तीनदा अडकली होती. पण पाच टक्के वाटेसाठी आम्ही पंचाण्णव टक्के रस्त्यावर चुकीची नक्षी फिरवत राहिलो.

बाजारात ढोबळमानानं तीन प्रकार मिळतात. एच/टी म्हणजे हायवेची, उभ्या सलग पट्ट्यांची नक्षी, ज्याला दुकानात रिब म्हणतात. ए/टी म्हणजे मिश्र रस्त्याची, गट्ट्यांची. एम/टी म्हणजे निव्वळ चिखलाची. तिसरीचा आपण विचारही करायचं कारण नाही. ए/टीचे गट्टे सुटे सुटे असल्यामुळं डांबरावर ते प्रत्येक फेरीत थोडे वाकतात. मग प्रत्येक गट्ट्याची एक कड उंच आणि दुसरी खाली होते, आणि दहा-बारा हजारांनंतर केबिनमध्ये घूं घूं आवाज सुरू होतो. आम्हाला तो बेअरिंगचा वाटला होता, बेअरिंग बदललंही. टायर जड असल्यानं डिझेल थोडं जास्त लागतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की खाचा मोठ्या म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. ओल्या डांबरावर साधारणपणे एच/टी टायर लवकर थांबतो.

ज्यांची गाडी रोज शेतात, खाणीत, वीटभट्टीवर जाते त्यांनी ए/टी जरूर घ्यावा. माझं म्हणणं आमच्यासारख्यांना आहे, ज्यांचा दिवस हडपसरच्या उड्डाणपुलावर आणि बायपासवर जातो. आता आम्ही एच/टी वापरतो. साइट कच्ची असेल तर आधी फोन करून खडी टाकली आहे का विचारतो, नसेल तर गोण्या रस्त्याच्या कडेला उतरवतो. हौद्यात दोन जाड फळ्या आणि दोर असतात. या पावसाळ्यात फळ्या दोनदाच काढाव्या लागल्या.

मोठा टायर घालायचा मोहही टाळा. २३५/७५ आर १५ घातला तर चाकाचा व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ च्या आसपास जातो, म्हणजे चार टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ नं चाललेली असते, दिवे घाटात खालचा गिअर लवकर टाकावा लागतो, भरल्या गाडीत वळताना टायर आत घासू शकतो आणि पासिंगला प्रश्न येतो तो वेगळाच.

हवा: भरलेली गाडी वेगळी, रिकामी वेगळी

पहिल्या सेटचे काठ गेले तेव्हा हवावाल्यानं सांगितलं, हवा कमी पडतेय, वाढवा. आम्ही वाढवली आणि कायम तेवढीच ठेवली. सकाळी ठीक होतं. पण दुपारी उरुळीपर्यंत तीस-चाळीस किलोमीटर रिकामी गाडी त्याच हवेवर यायची. मागचा टायर फुग्यासारखा मधोमध टेकायचा आणि मध्य झिजायचा. दुसऱ्या सेटचं कोडं असं उलगडलं. शिवाय रिकाम्या गाडीचं बूड प्रत्येक स्पीडब्रेकरला उडायचं.

दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बहुतेक पिकअपना मागच्या चाकांसाठी दोन आकडे दिलेले असतात, रिकाम्यासाठी आणि भरलेल्यासाठी. ते पाळा. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, ती रोजची हवा नव्हे. आणि एसयूव्हीचा टायर काढून ८ पीआरचा एलटी घातलात, तर जुन्या टायरची हवा त्याला चालत नाही. तेवढ्याच वजनाला एलटीला जास्त हवा लागते. हे न सांगता हवा भरायला दिली तर पोरगा सवयीनं "पस्तीस-पस्तीस" मारून मोकळा होतो.

दिवसातून दोनदा हवा बदलणं शक्य आहे का, असं कुणीही विचारेल. आम्ही रोपवाटिकेत छोटा कॉम्प्रेसर घेतला. भावजी सकाळी गोण्या भरताना मागची हवा चढवतात आणि माल उतरवल्यावर गेज लावून थोडी सोडतात. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी भरलेल्या गाडीचा आकडा धरावा, कारण मध्य लवकर झिजणं टायर तापून फुटण्यापेक्षा परवडतं. सोडताना टायर गरम असतो, हे मात्र लक्षात ठेवा. गरम टायरमध्ये हवेचा दाब चढलेला दिसतो. त्यामुळं आम्ही रिकाम्याच्या आकड्यापेक्षा चार-पाच पॉइंट वर थांबतो. खरं मोजमाप सकाळी, गाडी हलायच्या आधी.

पुढची करवत, आणि तिचं मागं सापडलेलं कारण

पुढच्या टायरांसाठी अलाइनमेंट आधीही दोनदा करून झाली होती. दोन महिन्यांत परत तेच. यावेळी हडपसरच्या मेकॅनिकनं यंत्रावर गाडी घ्यायच्या आधी पुढची चाकं जॅकवर उचलली आणि चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. खट्खट् आवाज आला. टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा, सैल होता. तो सैल असताना केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकणार. आधी एंड बदलायचा, मग अलाइनमेंट.

पण तो तिथं थांबला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी किंचित तिरकी चालते हे भावजींनी सांगितल्यावर त्यानं टेप काढला आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी अंतर मोजलं. बारा मिलिमीटरचा फरक. खाली शिरून बघितलं तर मागच्या डाव्या पाट्याचा (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटलेला आणि पाटा अॅक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट ढिले. आदल्या वर्षी आम्ही एका गॅरेजमध्ये एक पाटा वाढवून घेतला होता. त्यानंतर हजारभर किलोमीटरनं यू बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, ते ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. मागचा अॅक्सल सरकलेला, त्यामुळं गाडी सरळ ठेवायला पुढची चाकं कायम किंचित वळवून धरावी लागत होती. करवत त्यातूनही येत होती.

हे टेपनं मोजणं कुणालाही जमतं. सपाट जागा, स्टेअरिंग सरळ आणि एक मदतनीस हवा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या, त्याहून जास्त निघाला तर आधी पाटे दाखवा, टायर नंतर घ्या.

दुकानात गेल्यावर

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चाकणला कारखाना आहे म्हणून पुण्यात टायर ताजाच मिळेल असं नाही, गोदामात तो दोन-तीन वर्षं पडून असू शकतो. मी सहा महिन्यांहून जुना घेत नाही आणि चारही टायरांची तारीख स्वतः वाकून वाचते, कारण एखादा आतल्या बाजूला तारीख वळवून बसवलेला असतो. आयएसआयचा शिक्का बघा. बिल घ्याच, वॉरंटी त्याच्यावर मिळते. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुन्या दरानं हिशेब लावला असेल तर बोला. ट्यूबलेस असेल तर वॉल्व्ह नवे घाला, बॅलन्सिंग करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर

सगळेजण नवी जोडी पुढं घालतात, स्टेअरिंग पुढं आहे म्हणून. मला यात भीती वाटते. रिकाम्या पिकअपचं मागचं बूड हलकं असतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं उतरताना जूनच्या पहिल्या पावसात ब्रेक लावला आणि मागच्या टायरांना पाणी बाहेर फेकायला खाचाच नसतील, तर बूड बाजूला निघतं. पुढची चाकं घसरली तर ती जाणवतात, पाय उचलता येतो. मागची घसरली की गाडी फिरलेलीच असते. म्हणून नवी जोडी मागं, बरी असलेली पुढं. एका अॅक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे किंवा एक रेडियल आणि एक नायलॉन असे टायर घालू नका. फोर बाय फोर असेल तर चारही सारखे.

नक्षीत १.६ मिलिमीटरला खुणेचा उंचवटा असतो. त्याला टेकेपर्यंत वाट बघणं पुण्याच्या पावसात मला पटत नाही. मे महिन्यात खोली मोजते, ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर जूनच्या आधी बदलते. रिमोल्डचा, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला टायर मी या गाडीला लावत नाही, भरल्या गाडीखाली आणि उन्हाळ्यात तर नाहीच.

दर आठ हजारांनी आम्ही चाकं फिरवतो. मागची सरळ पुढं, पुढची तिरकी मागं. या सेटला आता १८ हजार झाले. नव्याची खोली साडेआठ मिलिमीटर होती, आज काठाला, मध्याला, चारही टायरांवर साडेपाच ते सहाच्या दरम्यान भरते. हात दोन्ही दिशांनी फिरवला तरी सारखाच लागतो.

एक गोष्ट राहिली. स्टेपनीला अजून जुन्या सेटमधला, त्यातल्या त्यात बरा असलेला १०० चा टायर आहे. भावजींनी रिमवर पांढऱ्या रंगानं ठळक "रिकामी" लिहून ठेवलंय. भरल्या गाडीत मागं पंक्चर झालं तर तो मागं लावायचा नाही. आधी पुढचा चांगला टायर मागं घ्यायचा आणि स्टेपनी पुढं लावून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू जायचं. पुढच्या महिन्यात पाचवा १०६ चा टायर घेतला की तो काढून टाकणार आहोत.